पेत्सवालचे भिंग आणि त्याचे स्मारक



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर इतिहास, वाङ्मय, राजकारण, तत्त्वज्ञान अशा भारदस्त विषयांना मान असतो. आज आम्ही बोलणार आहोत ते मुठीत मावेल अशा एका वस्तूविषयी, कॅमेऱ्याच्या एका भिंगाविषयी. विषय लहान वाटेल. परंतु या भिंगाच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो आपल्या सर्वांच्या रोजच्या सार्वजनिक व्यवहारातला आहे. आपण जेव्हा एखाद्याचे स्मारक करतो, तेव्हा नेमके कशाचे स्मरण करतो? त्याच्या नावाचे, त्याच्या वस्तूचे, की तो ज्यासाठी झटला त्या गोष्टीचे?

थोरांची स्मारके होतात तशी भिंगांचीही होतात, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. जर्मनीच्या झाइस कारखान्याच्या ‘प्लानार’ या नामांकित भिंगाला १९९६ साली शंभर वर्षे झाली, तेव्हा त्या नावाची एक खास स्मारक आवृत्ती मोजक्या प्रमाणात काढण्यात आली. १९०० साली निघालेल्या ‘हेलिआर’ भिंगाची एकशे एक वर्षांची आवृत्ती २००१ मध्ये जपानात तयार झाली. पण या सर्वांत अधिक गाजावाजा झाला तो २०१३ साली. व्हिएन्ना येथील लोमोग्राफी या संस्थेने योझेफ पेत्सवाल या गणितज्ञाच्या १८४० सालच्या भिंगाचा नवा अवतार काढायचे ठरवले आणि त्यासाठी लोकांकडे आगाऊ पैसे मागितले. तीन हजारांहून अधिक लोकांनी मिळून सुमारे १४ लक्ष डॉलर जमवून दिले! रशियातील क्रास्नोगोर्स्क येथील झेनिट कारखान्यात भिंगे घडली. पितळी नळी, जुन्या वळणाची घडण, आणि प्रकाशाचे छिद्र लहानमोठे करण्यासाठी भोके पाडलेल्या सुट्या पट्ट्या, अशा थाटात एकशे सत्तर वर्षांपूर्वीचे भिंग आजच्या कॅमेऱ्यावर येऊन बसले.

हा पेत्सवाल कोण आणि त्याच्या भिंगात एवढे काय होते, हे पाहण्यासाठी आपल्याला १८३९ सालात जावे लागेल.

त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात पॅरिस येथे दागेरची छायाचित्रणाची कृती जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर सूर्यप्रकाश स्वतःच चित्र काढतो, हे ऐकून सारे युरोप चकित झाले. तथापि या विद्येत एक मोठी उणीव होती. दागेरच्या कॅमेऱ्यावर शार्ल शव्हालिए या पॅरिसच्या कारागिराचे भिंग असे. त्याचे चित्र नीट उमटावे म्हणून त्याचे तोंड फार लहान ठेवावे लागे, आणि लहान तोंडातून प्रकाश तो किती येणार? भर उन्हातसुद्धा पत्रा कित्येक मिनिटे उघडा ठेवावा लागे. इमारती स्थिर बसतात, पुतळे स्थिर बसतात. माणूस स्थिर बसत नाही. त्यामुळे पॅरिसचे रस्ते चित्रात उतरले, पण त्यांवरून जाणारी माणसे उतरली नाहीत. जी विद्या माणसाचा चेहरा टिपू शकत नाही, तिचे सामान्य लोकांना कौतुक ते किती दिवस राहणार?

त्या सुमारास व्हिएन्ना विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक आन्द्रेआस फॉन एटिंग्सहाउझेन पॅरिसला गेले होते. ही अडचण त्यांनी ओळखली आणि परत आल्यावर आपल्या विद्यापीठातील गणिताच्या प्राध्यापकाला गाठले. तो प्राध्यापक म्हणजे पेत्सवाल. त्याचा जन्म १८०७ साली स्पिश्स्का बेला या गावी झाला. हे गाव तेव्हा हंगेरीच्या राज्यात होते, आज ते स्लोव्हाकियात आहे. पेस्ट शहरात शिक्षण व अध्यापन करून १८३७ साली तो व्हिएन्नाला आला होता.

तोपर्यंत भिंगे बनत ती बहुतांशी कारागिराच्या हातगुणावर. काच घासावी, लावून पाहावी, पुन्हा घासावी, असा तो व्यवहार होता. पेत्सवालने हा क्रम उलटा केला. काचेला हात लावण्याआधी भिंगातून जाणारा प्रत्येक किरण कोठे वळेल आणि कोठे पोचेल, हे कागदावर मांडून पाहायचे, असे त्याने ठरवले. बोलायला हे सोपे आहे. पण एकेक किरण एकेका पृष्ठावरून पुढे नेण्यासाठी लांबच लांब आकडेमोड करावी लागते, आणि त्या काळी हिशेबाचे यंत्र म्हणजे लॉगॅरिथमची कोष्टके व माणसाची बोटे. एकट्या माणसाचे ते काम नव्हे.

येथे या कथेतील सर्वांत चमत्कारिक पात्रे प्रवेश करतात. ऑस्ट्रियाच्या तोफखान्याचे प्रमुख आर्चड्यूक लुडविग यांनी पेत्सवालच्या मदतीला आपले लोक दिले: लोश्नर व हाइन नावाचे दोन अंमलदार आणि हिशेबात तरबेज असे आठ गोलंदाज. आज गोलंदाज म्हटले की आपल्याला क्रिकेटचे मैदान आठवते. आम्ही बोलतो आहोत ते खऱ्या तोफेच्या गोलंदाजांविषयी. तोफेचा गोळा कोठे पडेल याचा हिशेब करण्याची सवय असलेल्या या लोकांनी प्रकाशाचा किरण कोठे पडेल याचा हिशेब केला. माणसांचे प्राण घेण्यासाठी शिकलेली विद्या माणसांचे चेहरे जपण्याच्या कामी आली, असे प्रसंग इतिहासात थोडेच.

१८४० साली हिशेब पुरा झाला आणि आकडे व्हिएन्नातील पेटर विल्हेल्म फ्रीडरिश फोग्टलेंडर या भिंगकाराच्या हाती गेले. १७५६ पासून चालत आलेल्या पेढीचा हा वारस आपल्या धंद्यात निष्णात होता. चार काचांचे ते भिंग होते: पुढे एकमेकींना चिकटवलेल्या दोन काचा, मागे थोडे अंतर ठेवून बसवलेल्या दोन काचा. नाभीय अंतर सुमारे १५ सेंटीमीटर आणि उघडे तोंड सुमारे ४ सेंटीमीटर. छायाचित्रकारांच्या भाषेत सांगायचे तर जुने भिंग एफ १६ च्या आसपासचे आणि हे एफ ३.६ चे. पहिल्यापेक्षा पंधरा ते वीस पट अधिक प्रकाश यातून आत येऊ लागला. त्याच सुमारास पत्र्यावरील रसायनेही सुधारली आणि दोहोंच्या मिलाफाने मिनिटांचे काम सेकंदांवर आले. माणूस कॅमेऱ्यापुढे बसला, श्वास रोखून धरला आणि चित्र झालेही! १८४१ मध्ये फोग्टलेंडरने या भिंगाभोवती सबंध पितळेचा कॅमेरा उभारला. तो दिसायला एखाद्या लहान तोफेसारखा होता आणि त्यातून वाटोळी चित्रे निघत. गोलंदाजांच्या मदतीने जन्मलेल्या भिंगाला घर मिळाले तेही तोफेच्या आकाराचे!

येथून पुढे अर्धशतक जगभरच्या स्टुडिओंत या घडणीची भिंगे नांदली. आपल्या मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय लोक या कलेत पडले, तो काळ हाच. व्यक्तिचित्रणाचा धंदा जगभर उभा राहिला तो या घडणीच्या आधारावर.

आता या यशातून पेत्सवालला काय मिळाले ते पाहा. त्याला एकदाच २,००० गुल्डन देण्यात आले. पक्का करार झालेला नव्हता. भिंगे विकली जाऊ लागली, तसा फोग्टलेंडरचा उत्कर्ष होत गेला. आणि ज्याच्या डोक्यातून ती निघाली तो प्राध्यापक आपल्या पगारावर राहिला. १८४५ च्या सुमारास दोघांचे बिनसले. १८४९ साली फोग्टलेंडरने ऑस्ट्रियाच्या हद्दीबाहेर ब्राउनश्वाइग येथे कारखाना काढला. पुढे पेत्सवालने डीट्झलर नावाच्या दुसऱ्या भिंगकाराला हाताशी धरले. पण तो गृहस्थ १८६२ साली दिवाळखोरीत गेला. त्याआधीच, १८५९ मध्ये, पेत्सवालच्या घरी चोरी झाली होती आणि प्रकाशशास्त्रावरील त्याची हस्तलिखिते तीत नष्ट झाली. वर्षानुवर्षांचा विचार एका रात्रीत गेला! त्यानंतर त्याने भिंगांचा नाद सोडला, ध्वनिशास्त्राकडे मन वळवले, १८७७ साली निवृत्ती घेतली, आणि १८९१ साली व्हिएन्ना येथेच, जगापासून जवळजवळ तुटलेल्या अवस्थेत, त्याचा अंत झाला.

ही कथा ऐकून फोग्टलेंडरला खलनायक ठरवणे सोपे आहे. आम्हांला तसे करावयाचे नाही. कागदावरचे आकडे काचेत उतरवणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. बाजारपेठ उभी करणे हे आणखी वेगळे. फोग्टलेंडर नसता तर पेत्सवालचे भिंग हिशेबाच्या वहीतच राहते. पेत्सवालही काही देवमाणूस नव्हता. वेगाने येणाऱ्या वा दूर जाणाऱ्या वस्तूच्या ध्वनीत आणि प्रकाशात फरक पडतो, हे डॉपलरचे तत्त्व आज शाळेतही शिकवतात. त्याच तत्त्वावर या पेत्सवालने १८५२ साली व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीत हल्ला चढवला, आणि तेथे चूक त्याचीच होती. थोर माणसे सर्वत्र थोर नसतात. हे ध्यानात ठेवूनच त्यांचे स्मरण करावे.

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. २०१३ साली लोकांनी एवढे पैसे मोजले ते कशासाठी?

पेत्सवालच्या भिंगाने काढलेले चित्र मध्यभागी अतिशय रेखीव असते. कडेकडे जावे तसे ते धूसर होत जाते. मागे झाडाची पाने असतील तर ती वाटोळी फिरल्यासारखी दिसतात आणि चित्रातील माणूस जणू भोवऱ्याच्या मध्यावर उभा आहे असा भास होतो. हा भोवरा म्हणजेच नव्या आवृत्तीचे मुख्य आकर्षण. जाहिरात त्याची झाली, खरेदी त्याची झाली. २०१५ साली त्याच संस्थेने ५८ मिलिमीटरचे आणखी एक भिंग आणले आणि त्याला असे एक कडे बसवले की, ते फिरवून भोवरा हवा तसा कमीजास्त करता यावा!

परंतु हा भोवरा म्हणजे काय? शास्त्राच्या दृष्टीने तो दोष आहे. भिंगाने पाडलेली प्रतिमा मुळात सपाट नसते. ती वाटीच्या आतल्या पृष्ठासारखी वक्र असते. चित्र घ्यायचा पत्रा मात्र पाटीसारखा सपाट. वाटीचा तळ पाटीला टेकला तर कडा वर राहणारच. म्हणून मध्य रेखीव आणि कडा धूसर. त्यात तिरप्या किरणांचा आणखी एक दोष मिसळतो, नळीची कड थोडा प्रकाश अडवते, आणि पाने फिरू लागतात. जुन्या स्टुडिओत गिऱ्हाइकाच्या मागे साधा पडदा असला आणि चेहरा मधोमध असला, की हा दोष कोणाच्या नजरेस येत नसे.

आणि येथेच आमच्या आजच्या विषयाचे मर्म आहे. प्रतिमेच्या या वक्रतेचा नियम ज्याने शोधून काढला, तो गृहस्थ पेत्सवालच! १८४३ साली पेस्ट येथे त्याने आपल्या संशोधनाचा एक लहानसा अहवाल छापला. त्यातील नियमाचा भावार्थ असा: भिंगातील प्रत्येक काचेची शक्ती घ्यावी, तिला त्या काचेच्या वक्रीभवनांकाने भागावे, आणि सर्व भागाकारांची बेरीज करावी. बहिर्गोल काचेची शक्ती अधिक धरावी, अंतर्गोल काचेची उणे. ही बेरीज जितकी शून्याच्या जवळ, तितकी प्रतिमा सपाट होण्याची आशा. आज जगातल्या कोणत्याही विद्यापीठात प्रकाशशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ‘पेत्सवाल बेरीज’ शिकावी लागते.

मग ज्याला रोग ठाऊक होता त्याने औषध का दिले नाही? कारण औषध त्याच्या हाती नव्हते. रंगांचा दोष घालवायचा तर क्राऊन आणि फ्लिंट अशा दोन जातींच्या काचा जोडाव्या लागतात. आणि त्या काळी मिळणाऱ्या काचांनी रंगांचा दोष घालवावा, तर ती बेरीज शून्याजवळ येत नसे. त्यासाठी अधिक वक्रीभवनांकाची क्राऊन काच हवी होती, आणि ती तेव्हा जगात कोठेच तयार होत नव्हती. १८८४ साली येना येथे एर्न्स्ट आबे आणि ओट्टो शॉट यांच्या उद्योगातून काचेचा कारखाना निघाला आणि थोड्याच वर्षांत बेरियमयुक्त नव्या काचा बाजारात आल्या. १८९० मध्ये झाइसच्या पाउल रूडोल्फने त्या काचा वापरून कडेपर्यंत रेखीव चित्र देणारे भिंग रचले. पेत्सवालच्या मृत्यूला तेव्हा एकच वर्ष उरले होते. नियम १८४३ चा, काच त्यानंतर चाळीस वर्षांची! शास्त्रज्ञाची बुद्धी पुढे गेली तरी भट्टी मागे राहिली की असे होते.

तेव्हा नव्या आवृत्तीचा विनोद आपल्या ध्यानात आला असेल. ज्या दोषाचे नाव पेत्सवालच्या नावाशी जोडले गेले ते त्याने त्याचा नियम सांगितला म्हणून, तोच दोष पितळेत मढवून त्याच्या नावाने विकला जातो. एखाद्या वैद्याने जन्मभर देवीच्या रोगाचा अभ्यास करावा आणि लोकांनी त्याचे स्मारक म्हणून देवीच्या व्रणांची चित्रे भिंतीवर लावावीत, असा हा प्रकार झाला.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग ही आवृत्ती म्हणजे निव्वळ थट्टाच. आमचे मत तसे नाही. दोषातून सौंदर्य काढण्याचा मान आजच्या लोकांकडे जात नाही. १८१५ साली कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिआ मार्गारेट कॅमेरॉन या बाईंनी वयाच्या अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, मुलीने भेट दिलेल्या कॅमेऱ्यावर, इंग्लंडात छायाचित्रणास आरंभ केला. त्यांचे पहिले भिंग पेत्सवालच्याच घडणीचे, फ्रान्समध्ये बनलेले होते. त्यांच्या चित्रांतील धूसरपणावर तेव्हाच्या जाणत्यांनी कोरडे ओढले. आज त्याच चित्रांना जगातील मोठी संग्रहालये जपतात. शास्त्रज्ञ ज्याला दोष म्हणतो त्याला कलावंत वाणी देऊ शकतो. भिंगाचा मालक एकटा गणितज्ञ नसतो. जो त्यातून पाहतो तोही मालकच.

शिवाय घडण कालबाह्य झाली म्हणून निकामी झाली असेही नाही. भरपूर प्रकाश हवा आणि कोन अरुंद चालेल, असे काम म्हणजे पडद्यावर चित्र फेकण्याचे. म्हणून जादूच्या दिव्यांत आणि पुढे सिनेमाच्या प्रक्षेपकांत सामान्यतः पेत्सवालच्या घडणीची भिंगे बसवली गेली. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवरील चित्रे पडद्यावर दाखवून महाराष्ट्राला थक्क केले, ते याच जादूच्या दिव्यांच्या युगात. गावोगावच्या तंबूंत सिनेमा पाहताना पडद्यावर जो झोत येई, तोही या घडणीच्या भिंगातून येण्याचाच संभव अधिक. व्हिएन्नातल्या त्या आठ गोलंदाजांचा हिशेब आपल्या आजोबा-पणजोबांच्या डोळ्यांपुढे असा उजळला होता, आणि कोणाला त्याची वार्ताही नव्हती.

मग पेत्सवालचे खरे स्मारक कोणते? त्याच्या जन्मगावी त्याच्या नावाचे संग्रहालय आहे. चंद्राच्या पाठीमागच्या बाजूस एका विवराला त्याचे नाव दिले आहे. पितळी भिंग आहे. पाठ्यपुस्तकात बेरीज आहे. यांपैकी कोणतेही आम्ही त्याज्य म्हणत नाही. एवढेच म्हणतो की, वस्तूचे रूप जपणे हे स्मारकाचे अर्धे काम. तिच्यामागचा प्रश्न जपणे हे उरलेले अर्धे, आणि अवघड अर्धे. ज्याने ते पितळी भिंग विकत घेतले आणि पाने का फिरतात हे एकदा विचारले, त्याच्या हातात स्मारक आहे. ज्याने विचारले नाही, त्याच्या हातात एक देखणे खेळणे आहे. आजचा मोबाइल फोन तर चेहऱ्यामागचे सर्व काही गणितानेच धूसर करून देतो. तोफखान्यातील माणसे कागदावर ज्या दोषाशी झुंजत होती, तो दोष आता यंत्र क्षणात हिशेबाने निर्माण करते. गंमत म्हणून हे पाहावे. पण जाणून पाहावे.

आणि त्या दहा माणसांचे काय? लोश्नर आणि हाइन यांची नावे तरी ग्रंथांत येतात; आठ गोलंदाज ‘आठ गोलंदाज’ म्हणूनच राहिले. त्यांनी मांडलेल्या आकड्यांतून कोट्यवधी चेहरे चित्रांत आले, आणि त्यांचे स्वतःचे चेहरे कोणी टिपले नाहीत. कोणत्याही मोठ्या कार्याच्या मुळाशी अशी आठ माणसे असतात. आपल्या गावच्या ग्रंथालयाच्या, शाळेच्या, या व्याख्यानमालेच्या मुळाशीही ती असतील.

आपण जयंत्या-पुण्यतिथ्या उत्साहाने साजऱ्या करणारे लोक आहोत. हार घालतो, तसबिरी लावतो, खास अंक काढतो. ते सर्व करावे. पण हार घालण्यापूर्वी क्षणभर थांबून इतके विचारावे: हा माणूस कोणत्या प्रश्नाशी झुंजला, तो प्रश्न सुटला का, आणि त्याच्यासाठी हिशेब कोणी केला? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या स्मारकात सापडतील, ते मुठीएवढे असले तरी पुरेसे मोठे आहे.